अंगणातला कन्व्हर्टर, गावाची हवा

आठ-दहा वर्षे वापरलेली पेट्रोल गाडी साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाटाला लागते. सपाटीवर तिची काही तक्रार नसते. चढणीवर मात्र ॲक्सिलरेटर दाबूनही वेग वाढत नाही, इंजिन घुसमटल्यासारखे वाटते आणि समोरच्या पट्टीवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. मालकाचा पहिला संशय पेट्रोलवर जातो. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून २०२५ मध्ये देशभर जी चर्चा झाली, तिने हा संशय अधिकच पक्का केला आहे. त्यानंतर क्लचची आणि स्पार्क प्लगची पाळी येते. अखेर गॅरेजमध्ये गाडी वर उचलली जाते आणि बोट दाखवले जाते ते सायलेन्सरच्या वाटेवरील एका फुगीर पोलादी डब्याकडे. ‘कन्व्हर्टर चोक झालाय’ हे निदान आणि त्यामागोमाग कंपनीच्या भागाचा दर ऐकून मालक घरी परततो व हिशेब मांडू लागतो : हाच भाग बाहेरून स्वस्तात आणून रविवारी अंगणातच बसवला तर?

हा विचार करणारा मालक एकटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटारगाडी आहे. देशाची सरासरी साडेसात टक्क्यांच्या आसपास असताना गोवा या यादीत पहिला आहे. डिचोली आणि सत्तरीतल्या वाड्यावाड्यांवर बसची वाट पाहण्यापेक्षा जुनी का होईना, स्वतःची गाडी बरी, असा व्यवहार आता रूढ झाला आहे. बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. या दोन तारखांच्या मधल्या काळात विकल्या गेलेल्या गाड्यांची वॉरंटी संपून बराच काळ लोटला आहे. त्यांचे कन्व्हर्टर थकण्याचा काळ आता सुरू होत आहे. त्यामुळे एका अंगणात रविवारी घेतला जाणारा निर्णय लवकरच शेकडो अंगणांत घेतला जाईल आणि त्याचे परिणाम कुंपणाच्या आत राहणार नाहीत.

डब्याच्या आत काय असते?

कॅटालिटिक कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सर नव्हे. सायलेन्सर आवाज कमी करतो; कन्व्हर्टर धुराचे रसायन बदलतो. पोलादी कवचाच्या आत मधाच्या पोळ्यासारखी, हजारो बारीक छिद्रांची एक चिनीमातीसदृश वीट असते. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण असतात. एका गाडीत या धातूंचे वजन काही ग्रॅमच भरते. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन यांचे येथे कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत रूपांतर होते. तिसरे काम नायट्रोजन ऑक्साइड फोडून त्यातील नायट्रोजन मोकळा करण्याचे. ते मुख्यतः ऱ्होडियम करतो आणि तिघांत सर्वांत दुर्मीळ धातूही तोच आहे. पेट्रोल गाडीतील या यंत्रणेला ‘तिहेरी’ म्हणतात ते या तीन कामांमुळे.

ही तिन्ही कामे एकाच वेळी व्हायची तर इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण अगदी नेमके असावे लागते : वजनाने एक भाग शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. हे प्रमाण सांभाळण्यासाठी कन्व्हर्टरच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. नंतर बसवलेला दुसरा सेन्सर कन्व्हर्टरच्या कामावर देखरेख ठेवतो. दुसऱ्या सेन्सरला संशय आला की इंजिनाचा संगणक ‘पी ०४२०’ या क्रमांकाची नोंद करतो आणि पिवळा दिवा पेटतो. शिवाय कन्व्हर्टर थंड असताना जवळजवळ निकामी असतो. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियस तापमानाला पोहोचल्यावरच तो खऱ्या अर्थाने कामाला लागतो. म्हणूनच अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तो इंजिनाला अगदी चिकटून, एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या लगेच पुढे बसवलेला असतो. घरगुती दुरुस्तीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

भारतात हा डबा आला तो इंधनाच्या बदलाबरोबर. १९९५ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठीच शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आले. शिसे या लेपाला कायमचे निकामी करते, त्यामुळे एकाशिवाय दुसरे शक्यच नव्हते. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. आज तिशीत असलेल्या वाहनचालकाने शिशाचे पेट्रोल गाडीत कधी भरलेले नसते. ज्या डब्याच्या निमित्ताने ते शिसे हवेतून गेले, त्याचे नाव मात्र त्याला दुरुस्तीच्या बिलावरच पहिल्यांदा भेटते.

डबा आपोआप मरत नाही

कन्व्हर्टरला हलणारे भाग नाहीत. झिजण्यासारखे त्यात फारसे काही नसते. तो अकाली निकामी होतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला दुसऱ्या कोणीतरी मारलेले असते. एखादा स्पार्क प्लग किंवा इग्निशन कॉइल नीट काम करत नसेल तर न जळलेले पेट्रोल थेट तापलेल्या विटेवर येऊन तेथे जळते. तापमान हजार अंशांच्या पलीकडे जाते आणि वीट वितळून छिद्रे बुजतात. घाटात गाडी दम टाकते ती याच कारणाने. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधील फॉस्फरस व जस्त लेपावर थर धरतात. हेड गॅस्केट फुटून कूलंट आत येत असेल तर त्याचेही क्षार तेथेच साचतात. इंजिन जोडताना वापरलेला निकृष्ट सिलिकॉन सीलंट ऑक्सिजन सेन्सर बिघडवतो. आणि पावसाळ्यात वाळवंटीचे पाणी रस्त्यावर आले असताना तापलेली गाडी त्यातून हाकली, तर तापलेल्या विटेला अचानक बसलेल्या गारव्याने तडा जाण्याचा धोका असतो.

याचा अर्थ असा की, मूळ आजार न शोधता नवा कन्व्हर्टर बसवणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंतीला रंग देणे. महागाचा असो की स्वस्ताचा, नवा डबाही त्याच रोगाने काही महिन्यांत जातो. ‘बाहेरचा माल टिकत नाही’ ही तक्रार कित्येकदा खरी असते. पण तो माल मारणारा प्लग जुनाच राहिला होता, हे त्या तक्रारीत येत नाही.

म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी निदान व्हायला हवे. मोबाइलला जोडता येणारा छोटा ओबीडी स्कॅनर आता सहज मिळतो. ‘पी ०४२०’ बरोबर ‘पी ०३००’ ते ‘पी ०३०४’ यांपैकी एखादा क्रमांक दिसत असेल तर आधी इंजिनाचे चुकणारे ठोके दुरुस्त करायला हवेत. मागच्या सेन्सरचा व्होल्टेज निरोगी गाडीत बराचसा स्थिर असतो. पुढच्या सेन्सरबरोबर तोही वरखाली नाचू लागला तर कन्व्हर्टर थकला असे म्हणायला आधार मिळतो. पुढचा सेन्सर काढून त्या छिद्रात दाबमापक लावला की वाट तुंबली आहे का, हेही कळते. मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा गळत असेल तर सेन्सरला खोटी माहिती मिळते आणि चांगला कन्व्हर्टर नाहक बदनाम होतो. पेट्रोलातील इथेनॉलवर खापर फोडण्याआधीही हीच तपासणी उपयोगी पडते. जुन्या गाड्यांत २० टक्के मिश्रणाने मायलेज थोडे घटते, हे सरकारनेही मान्य केले आहे. पण चढणीवर गाडी घुसमटणे हे त्या घटीचे लक्षण नाही.

अंगणातील काम

ज्या गाडीचा कन्व्हर्टर खाली, दोन फ्लँजच्या मध्ये बोल्टने जोडलेला असतो, तिच्यात तो बदलणे हाताला सवय असलेल्या माणसाला अशक्य नाही. मॅनिफोल्डला एकजीव असलेला कन्व्हर्टर मात्र वेगळी गोष्ट आहे. गोव्याच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गंजलेले स्टड सिलिंडर हेडमध्येच तुटले, तर पाच हजार वाचवायला निघालेल्या मालकाला हेड उतरवण्याचा खर्च येतो. अशा गाडीचे काम अंगणात न काढलेलेच बरे.

पहिला धोका गाडी उचलण्याचा. अंगणातली जमीन शेणाने सारवलेली असो की मुरुमाची, ती सपाट व टणक असेलच असे नाही. सगळ्यात घातक सवय म्हणजे जॅकने गाडी उचलून तिच्याखाली चिरे रचणे. भिंतीतला चिरा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो, कारण तेथे भार सावकाश आणि सारखा पडतो. गाडीचा भार एका टोकावर आला की तोच चिरा न सांगता फुटतो. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. लोखंडी जॅक स्टँड, त्याखाली जाड फळी आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण, एवढे नसेल तर माणसाने गाडीखाली जाऊ नये.

दुसरा धोका उष्णतेचा. धावून आलेल्या गाडीचा कन्व्हर्टर कित्येक तास हात पोळतो. काम पहाटे, रात्रभर थंड झालेल्या गाडीवरच करावे. हाच धोका उन्हाळ्यात आणखी एका जागी असतो : काजूच्या बागेत सुकलेल्या गवतावर गाडी उभी केली की तापलेला कन्व्हर्टर गवत पेटवू शकतो. तिसरा धोका धुळीचा. जुना डबा कापला की विटेभोवतीची धाग्यांची गादी आणि विटेची भुकटी हवेत उडते. ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून मास्क व चष्मा हवा, आणि खरे तर जुना डबा घरी कापूच नये. चौथा धोका सर्वांत मुका. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गळती शोधणाऱ्याला कार्बन मोनॉक्साइडचा ना वास येतो ना रंग दिसतो. आणि जो भाग तो वायू काबूत ठेवतो, तोच त्या वेळी उघडा पडलेला असतो.

बसवण्याचे नियम मोजकेच आहेत. बोल्ट आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाने भिजवून ठेवावेत. बॅटरीची ऋण तार काढावी. वेल्डिंग करायचे असेल तर हे टाळूच नये, कारण वेल्डिंगचा प्रवाह इंजिनाचा संगणक जाळू शकतो. ऑक्सिजन सेन्सर त्याच्या खास पान्यानेच फिरवावा आणि त्याची तार पीळ न देता मोकळी ठेवावी. नव्या कन्व्हर्टरवर धुराच्या प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढून मागे असायला हवा. गॅस्केट नवेच घ्यावे. उष्णतेपासून बचाव करणारा पत्रा ‘खडखडतो’ म्हणून फेकून देऊ नये. गाडीच्या तळाचे वायर आणि नळ्या त्याच्याच आश्रयाने असतात. शेवटी सांध्यांची गळती तपासून, स्कॅनरने जुनी नोंद पुसून गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवावी. संगणकाच्या चाचण्या पुन्हा पूर्ण होऊन दिवा विझलेलाच राहिला, तरच काम झाले असे समजावे. नोंद पुसल्याबरोबर दिवा विझतो. तो विझणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

स्वस्त का असतो?

हाताच्या कामापेक्षा कठीण प्रश्न दुकानात उभा राहतो. दोन डबे बाहेरून सारखे दिसतात, दोन्हींत जाळीदार वीट असते आणि किमतीत काही पटींचा फरक असतो. तो फरक पत्र्याचा नाही, लेपातील धातूंचा आहे. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियमचा जागतिक भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास पोहोचला होता. त्याच सुमारास महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाण्याच्या घटना वाढल्या. चोरांना पत्र्यात रस नव्हता. आतली भुकटी विकली जात होती. भाव पुढे बरेच उतरले, तरी स्वस्त कन्व्हर्टर बनवणाऱ्याला बचत करायची तर ती याच धातूंत करावी लागते, हे गणित बदललेले नाही. आणि सर्वांत महाग धातू जो, नायट्रोजन ऑक्साइड फोडणारा, त्यालाच पहिली कात्री लागते.

बाहेरचा प्रत्येक भाग फसवा असतो असे नाही. अमेरिकेत या बाजाराला १९८६ पासून नियम आहेत. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या त्या धोरणानुसार बाहेरच्या नव्या कन्व्हर्टरने २५,००० मैल, म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटरपर्यंत हायड्रोकार्बन व कार्बन मोनॉक्साइड ७० टक्के आणि नायट्रोजन ऑक्साइड किमान ३० टक्के कमी करायला हवा. चांगल्या स्थितीतील मूळ कन्व्हर्टर हे तिन्ही वायू ९० टक्क्यांहून अधिक घटवू शकतो. म्हणजे मान्यताप्राप्त पर्यायी भागालाही तेथे बरीच सवलत होती. कॅलिफोर्निया राज्याने ती पुरेशी मानली नाही. तेथे कन्व्हर्टरच्या कवचावर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक कोरलेला असावा लागतो आणि तो त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या गाडीसाठी दिलेला असावा लागतो. युरोपात बदली कन्व्हर्टरसाठी संयुक्त राष्ट्रांचा विनियम क्रमांक १०३ आहे.

या तुलनेतून येथील ग्राहकाने घेण्यासारखी गोष्ट एवढीच : कन्व्हर्टर गाडीच्या मानकानुसार घ्यायचा असतो, नळीच्या व्यासानुसार नव्हे. बीएस-४ गाडीला जुन्या गाडीचा डबा व्यास जुळतो म्हणून बसतो, पण काम जुळत नाही. दुकानदाराकडे त्या भागाच्या चाचणीचा कागद, उत्पादकाचे नाव, मॉडेल व मानक लिहिलेले पक्के बिल आणि लेखी हमी मागावी. हे द्यायला जो कचरतो, त्याच्या डब्यात काय असेल याचा अंदाज त्याच्या कचरण्यावरूनच करावा.

पीयूसीच्या चाळणीतून निसटणारे

‘पीयूसी मिळाली, म्हणजे सगळे ठीक’ ही समजूत सर्वदूर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ नुसार बीएस-४ व बीएस-६ पेट्रोल गाडीला निष्क्रिय गतीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेऱ्यांवर नेऊन कार्बन मोनॉक्साइड आणि हवा-इंधनाचे प्रमाण पुन्हा तपासले जाते. या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइड मोजलाच जात नाही. तो मुख्यतः इंजिनावर ताण असताना, चढणीवर आणि वेग घेताना तयार होतो. पीयूसी केंद्रावर गाडी जागेवर उभी असते.

परिणाम उघड आहे. कन्व्हर्टर पूर्णपणे काढून रिकामी नळी जोडलेली गाडी प्रामाणिक तपासणीत बहुधा अडखळेल. पण ऱ्होडियम वाचवून बनवलेला हलका कन्व्हर्टर पहिल्या दोन वायूंचे काम कसेबसे करतो आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. त्यातही तपासणी प्रामाणिक असेल हे गृहीत धरले आहे. दिल्लीच्या विधानसभेत २०२५ मध्ये मांडल्या गेलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात, मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण नोंदले असूनही एक लाखाहून अधिक वाहनांना प्रमाणपत्रे दिली गेल्याचे म्हटले आहे. देशातील सर्वाधिक प्रदूषणचर्चा जेथे होते, तेथील ही स्थिती.

प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी काय सोडते, हा प्रश्न जगाला २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणाने विचारायला लावला. प्रयोगशाळेत शहाण्यासारख्या वागणाऱ्या डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. भारताने एप्रिल २०२३ पासून बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात नव्या मॉडेलांसाठी प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणी आणली. मात्र ही शिस्त कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीसाठी आहे. दहा वर्षांनी त्याच गाडीखाली कोणता डबा लटकतो आहे, हे पाहणारी तेवढीच कडक नजर पीयूसी केंद्रावर नाही.

कायद्याची भाषा मात्र सैल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना निलंबन अशी तरतूद आहे. त्याच मानकाचा, त्याच गाडीचा कन्व्हर्टर बसवणे ही दुरुस्ती. विटेला सळई घालून ती पाडणे, रिकामी नळी जोडणे किंवा मागच्या सेन्सरला चकवणारा तुकडा लावून दिवा विझवणे हा फेरफार. काम अंगणात झाले की गॅरेजमध्ये, यावर हा फरक ठरत नाही.

न दिसणारी धूळ

डिचोली तालुक्याला प्रदूषण म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. खनिजवाहू ट्रकांनी उडवलेली लाल धूळ घराच्या कौलांवर, माडाच्या झावळ्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसताना या भागाने दशके पाहिली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. नव्या लिलावांनंतर काही ठिकाणी वाहतूक परतली. या सगळ्या काळात लोक रस्त्यावर उतरले ते धूळ दिसत होती म्हणून. ती हातावर घेऊन दाखवता येत होती.

नायट्रोजन ऑक्साइड असा हातावर घेता येत नाही. तो श्वासनलिकेला त्रास देतो, दम्याच्या रुग्णाचा आजार बळावतो आणि उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगतचा ओझोन तयार करतो. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील ऑक्सिजनची जागा घेतो. साखळीच्या बाजारपेठेसारख्या अरुंद रस्त्यावर, शाळा सुटण्याच्या वेळी, इंजिन चालू ठेवून रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांमध्ये किती कन्व्हर्टर जिवंत आहेत, हे कोणाला डोळ्यांनी ओळखता येणार नाही. त्या रांगेतून चालणाऱ्या मुलाला गाडीमालकाची बचत कळत नाही. त्याला फक्त हवा मिळते.

तरीही सारा दोष मालकाच्या माथी मारणे न्याय्य ठरणार नाही. मूळ भागाची किंमत जुन्या गाडीच्या विक्रीमूल्याच्या तुलनेत अवाजवी वाटावी इतकी असते. रोजगारासाठी रोज वेर्णा किंवा पणजी गाठणाऱ्या तरुणाला ती एकदम उभी करता येत नाही. त्याच्यापुढे प्रामाणिक आणि परवडणारा असा मधला मार्ग ठेवणे हे यंत्रणेचे काम आहे आणि ते अवघडही नाही. पीयूसी केंद्रावर नळी खुपसण्याआधी गाडीच्या ओबीडी जोडणीतून नोंदी वाचल्या तर चकवलेले सेन्सर आणि नुकत्याच पुसलेल्या नोंदी दोन मिनिटांत उघडे पडतील. कोणत्या गाडीला कोणता बदली कन्व्हर्टर चालतो, याची साध्या मराठीतील यादी वाहतूक खात्याच्या डिचोली कार्यालयातील फलकावर लागू शकते. डिचोलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना इंजिन जोडण्याइतकेच निदान करणे शिकवता येईल. निदान चुकले तर चांगला कन्व्हर्टरही फेकला जाऊ शकतो. आणि जुन्या डब्यातील धातूंना मोल असल्याने ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांकडे पाठवून त्यांची किंमत नव्या भागात वळती करण्याची व्यवस्था झाली, तर भंगारवाल्याच्या हाती कवडीमोलाने जाणारा डबा मालकाचा खर्च हलका करू शकेल.

हे होईपर्यंत निर्णय अंगणातच होत राहणार. तेथे क्रम एवढाच पाळायचा आहे : आधी डबा कशाने मेला ते शोधायचे, मग त्याच मानकाचा डबा कागदासह आणायचा, आणि हात, जागा किंवा हत्यारे पुरेशी नसतील तर काम जाणत्याकडे सोपवायचे. चोर्ला घाट चढताना गाडीने दम टाकला नाही, ही अर्धी परीक्षा झाली. उरलेली अर्धी मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या श्वासाची आहे.